७,१०० वेळा वापरायची पिशवी

कापडी पिशवीचा विषय निघाला की हल्ली कोणीतरी एक आकडा पुढे करतंच: ७,१००. कापडी पिशवी ७,१०० वेळा वापरलीत तरच ती प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा पर्यावरणाला बरी, नाहीतर नाही. सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा. आमच्या कचऱ्यावरच्या एपिसोडनंतर जे प्रश्न आले त्यातही हा आकडा होता, आणि त्याला जोडून खरा प्रश्न होता: मग महाराष्ट्रातल्या प्लॅस्टिकबंदीला काय अर्थ राहिला?

आधी हा आकडा केवढा आहे ते बघू. आठवड्यातून एकदा बाजार केला तर ७,१०० खेपांना १३६ वर्षं लागतात. २०,००० खेपांना ३८४ वर्षं. हा आकडा २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथून ३८४ वर्षं मागे गेलो तर १६३४ साल येतं, म्हणजे शिवराय चार वर्षांचे होते तेव्हा ही पिशवी शिवायला हवी होती. न्यूयॉर्क टाइम्सने २०२१ मध्ये कापडी टोट बॅगांवर एक लेख छापला, त्यात हेच २०,००० 'रोज वापरली तर ५४ वर्षं' अशा रूपात आले आणि जगभर फिरले. आकडा असा असला की तो लक्षात राहतो आणि त्याचा उगम मात्र कोणी बघत नाही.

उगम आहे डॅनिश पर्यावरण संरक्षण संस्थेने फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अहवाल. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी तो केला. डेन्मार्कच्या सुपरमार्केटमध्ये मिळणाऱ्या निरनिराळ्या पिशव्यांचं, म्हणजे प्लॅस्टिक, कागद, कापूस, ताग-मिश्रित वगैरे, जीवनचक्र मूल्यांकन त्यात आहे. मी स्वतः कचरा आणि जीवनचक्र मूल्यांकन याच विषयात काम करते, त्यामुळे हा अहवाल व्यवसायाचा भाग म्हणून पुष्कळदा हाताळला आहे. तो प्रामाणिक आहे, सगळी गृहीतकं उघड मांडणारा आहे, आणि विद्यार्थ्यांना शिकवायला उत्तम आहे. पण त्याचं सगळ्यांत गाजलेलं वाक्य हेच त्यातलं सगळ्यांत कच्चं वाक्य आहे, असं माझं मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

अहवालाने नक्की काय विचारलं होतं?

जीवनचक्र मूल्यांकन, म्हणजे एलसीए, ही पद्धत थोडक्यात अशी: एखादी वस्तू बनवायला जमिनीतून काय काय काढलं, हवेत-पाण्यात काय काय सोडलं, याची जन्मापासून मरणापर्यंतची वही ठेवायची. मग त्या वहीतल्या नोंदींचं रूपांतर परिणामांत करायचं: हवामानबदलाला किती हातभार लागला, पाणी किती गेलं, नद्यांत पोषकद्रव्यं किती वाढली, ओझोनच्या थराला किती धक्का बसला, असे दहा-पंधरा निकष. ही पद्धत १९६९ मध्ये कोका-कोला कंपनीने बाटल्या आणि डब्यांच्या तुलनेसाठी करून घेतलेल्या अभ्यासापासून सुरू झाली असं मानतात. म्हणजे 'माल कशात भरून न्यायचा' हा प्रश्न एलसीएचा अगदी जन्मापासूनचा सोबती आहे.

पण दोन वस्तूंची तुलना करायची तर आधी ठरवावं लागतं की काम कोणतं. याला फंक्शनल युनिट म्हणतात. आपण 'कामाचं माप' म्हणू. पंखा आणि एसी यांची तुलना 'एक नग पंखा विरुद्ध एक नग एसी' अशी करून उपयोग नाही. 'या खोलीत आठ तास झोप लागेल एवढा गारवा' असं माप घेतलं तरच ती तुलना होते.

डॅनिश अहवालातलं कामाचं माप असं आहे: २०१७ साली डेन्मार्कच्या सुपरमार्केटमधून घरापर्यंत सरासरी २२ लिटर आकारमानाचं आणि १२ किलो वजनाचं सामान, नव्याने विकत घेतलेल्या पिशवीतून, एकदा वाहून नेणं. पिशवी युरोपात बनलेली, आणि वापरानंतर डेन्मार्कच्या कचरा व्यवस्थेत जाणारी. अहवालाचा हेतूही स्पष्ट लिहिलेला आहे: डेन्मार्कच्या सुपरमार्केटनी ग्राहकांपुढे कोणती पिशवी ठेवावी.

यातला एकेक शब्द मोलाचा आहे. 'नव्याने विकत घेतलेली'. 'डेन्मार्कची कचरा व्यवस्था', म्हणजे कचरा गोळा होतो, जाळला जातो, आणि त्यातून वीज आणि घरं तापवायची उष्णता मिळते. आणि ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीशी बाकी सगळ्यांची तुलना केली, ती एकदा सामान आणून झाल्यावर घरातल्या कचऱ्याच्या डब्यात लावली जाते असं धरलं आहे. म्हणजे तिने कचऱ्याच्या एका वेगळ्या पिशवीचं उत्पादन वाचवलं, आणि ते पुण्य तिच्या खात्यात जमा झालं. डेन्मार्कमध्ये हे अगदी बरोबर आहे. तिथे लोक खरंच तसं करतात.

म्हणजे ७,१०० हे 'कापूस विरुद्ध प्लॅस्टिक' या प्रश्नाचं उत्तर नाही. एका देशातल्या, एका वर्षातल्या, एका खेपेच्या प्रश्नाचं ते उत्तर आहे.

सेंद्रिय कापसाने एवढं काय केलं?

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. अहवाल प्रत्येक पिशवीसाठी दोन आकडे देतो. पहिला फक्त हवामानबदलाच्या निकषावरचा, दुसरा सगळे निकष धरून. साध्या कापसाच्या पिशवीचे आकडे ५२ आणि ७,१००. सेंद्रिय कापसाच्या पिशवीचे १४९ आणि २०,०००. सेंद्रिय म्हटल्यावर आपली अपेक्षा उलटी असते, त्यामुळे बातमीदारांना हा भाग फार आवडला.

हा फरक आला कुठून? दोन गृहीतकांतून. पहिलं, सेंद्रिय कापसाचं एकरी उत्पन्न साध्या कापसापेक्षा ३० टक्के कमी धरलं आहे. दुसरं, दुकानात मिळालेली सेंद्रिय पिशवी जरा लहान होती: २२ लिटरच्या ऐवजी २० लिटरची. मग २२ लिटर सामान न्यायला तिच्या किती लागतील? दोन. दोन लिटर सामान मावत नाही म्हणून अख्खी दुसरी पिशवी घेतली.

५२ ला २ ने गुणा आणि ०.७ ने भागा. उत्तर येतं १४८.६. म्हणजे १४९. तेच ७,१०० वर करा: २०,२८५, म्हणजे ढोबळमानाने २०,०००. साध्या आणि सेंद्रिय पिशवीतला सगळा फरक या दोन गृहीतकांत जवळजवळ तंतोतंत बसतो. त्यात निम्म्याहून जास्त वाटा पिशवीच्या मापाचा आहे, शेतीच्या पद्धतीचा नाही. दुकानदाराने पिशवी तीन बोटं मोठी शिवून घेतली असती तर २०,००० चा आकडा एका रात्रीत १०,००० वर आला असता.

'दोन पिशव्या' हा नियम अडाणीपणाचा नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं तर कुठेतरी रेघ मारावी लागते, आणि पिशव्या पूर्णांकातच मोजाव्या लागतात. संशोधकांनी ते लपवलेलंही नाही. पण बाजारातून येताना दोन लिटर जास्त झालं तर तुम्ही-आम्ही काय करतो? कोथिंबिरीची जुडी वर खोचतो, किंवा ब्रेड हातात धरतो. या निष्कर्षावरून सेंद्रिय शेतीबद्दल काही बोलायचं तर तो आधार फारच तोकडा आहे. एवढं मात्र मान्य करायला हवं की कमी उत्पन्नाचा मुद्दा खरा आहे. तेवढ्याच कापसाला जास्त जमीन लागत असेल तर 'सेंद्रिय' या लेबलने तो हिशेब पुसला जात नाही.

सगळ्यांत कमी गुणांचा विषय

आता मुख्य मुद्दा. ५२ आणि ७,१०० यांच्यामध्ये एवढी दरी का?

अहवालाने दुसरा आकडा काढताना असा नियम लावला: प्रत्येक निकषावर कापडी पिशवी किती वेळा वापरली म्हणजे ती प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते ते काढायचं, आणि त्यातला सगळ्यांत मोठा आकडा घ्यायचा. कापसाच्या बाबतीत तो सगळ्यांत मोठा आकडा एकाच निकषावरून आला: ओझोनच्या थराची हानी. हे अहवालातच लिहिलेलं आहे. ओझोन बाजूला ठेवला तर साध्या कापसासाठी बाकीचे निकष ५० ते १,४०० या पट्ट्यात येतात, हेही तिथेच लिहिलेलं आहे. पण १,४०० कोणाच्या तोंडी नाही.

आता ओझोनचा हा आकडा समजून घ्या. तो एक गुणोत्तर आहे. वर कापडी पिशवीचा परिणाम, खाली प्लॅस्टिकच्या पिशवीचा. भागाकारात छेद अगदी बारीक असला की उत्तर फुगतं. तांदळाचा एक दाणा आणि तांदळाचे ७,१०० दाणे यांच्यात ७,१०० पटींचा फरक आहे, पण ७,१०० दाणे म्हणजे जेमतेम वाटीभर तांदूळ. पट किती ते आपल्याला कळलं. वाटीभर की पोतंभर ते नाही कळलं. जगातल्या ओझोनच्या प्रश्नात पिशवीसाठी पिकवलेल्या कापसाचा वाटा कितीसा आहे, हे या ७,१०० मध्ये कुठेच दिसत नाही.

शिवाय एलसीएच्या डेटाबेसमध्ये ओझोनचे आकडे बहुतेक वेळा मुख्य वस्तूतून येतच नाहीत. ते येतात मागच्या दारातून: वीज, त्या विजेसाठी लागणारं इंधन, ते इंधन काढताना-वाहून नेताना वापरलेले शीतक वायू आणि आग विझवायचे हॅलॉन वायू. १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानंतर हे वायू टप्प्याटप्प्याने बंद होत गेले. डेटाबेसमधल्या नोंदी मात्र त्या वेगाने बदलत नाहीत. त्यामुळे आमच्या क्षेत्रात ओझोनच्या रकान्याकडे जरा जपूनच बघतात. अशा रकान्यावर अख्ख्या अहवालाचा मथळा उभा राहावा, हे मला खटकतं.

इथे संशोधकांची अडचणही समजून घ्यायला हवी. एलसीएसाठी आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. दोन उत्पादनांची जाहीर तुलना करणाऱ्या अभ्यासात वेगवेगळ्या निकषांना भारांक देऊन एकच बेरीज करू नये, असं त्यात सांगितलं आहे. कारण सरळ आहे: पाणी महत्त्वाचं की हवा, हे विज्ञान ठरवू शकत नाही, ते माणसांनी मिळून ठरवायचं असतं. आणि कंपन्यांनी आपल्या सोयीचे भारांक लावून आपलाच माल चांगला ठरवू नये, हाही उद्देश आहे.

मग भारांक न देता एकच आकडा कसा काढायचा? डॅनिश अहवालाने कमाल आकडा घेतला. वरवर पाहता हे निःपक्षपाती वाटतं: कोणत्याच निकषावर कापडी पिशवी मागे राहता कामा नये. पण नीट बघितलं तर हाही भारांकच आहे. सगळ्यांत वाईट निकषाला शंभर टक्के आणि बाकीच्यांना शून्य. दहावीच्या निकालात भूगोलात सगळ्यांत कमी गुण पडले म्हणून मुलाचा अख्खा निकाल भूगोलाच्या गुणांवर लावावा, आणि दुसऱ्या मुलाचा चित्रकलेच्या, तसं हे झालं. वर 'आम्ही कुठल्याच विषयाला झुकतं माप दिलं नाही' असंही म्हणता येतं. भारांक न देण्याच्या नियमाचं शब्दशः पालन झालं, पण तो नियम ज्यासाठी होता ते हातून निसटलं.

त्यांनी काय करायला हवं होतं? माझ्या मते सारांशात एकच कमाल आकडा देण्याऐवजी पट्टा द्यायला हवा होता, आणि ओझोनचं वाक्य त्याच ओळीत हवं होतं, मजकुरात नंतर कुठेतरी नको. 'हवामानबदलासाठी ५२, बहुतेक निकषांवर ५० ते १,४००, फक्त ओझोनवर ७,१००, आणि तो आकडा डेटाच्या मर्यादेमुळे जपून घ्यावा.' एवढं वाक्य मथळ्यात मावत नाही, हे मला कळतं. पण सरकारी अहवालाचा सारांश हीच लोक वाचतात ती एकमेव जागा असते. तिथे जे लिहिलं नाही ते लिहिलंच नाही असं धरून चालावं.

इंग्लंडमधला जुना आकडा

मी सध्या इंग्लंडमध्ये राहते, त्यामुळे इथल्या अहवालाशी तुलना करून बघते. इथल्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात हवामानबदलाच्या निकषावर कापडी पिशवीचा आकडा १३१ आला. डेन्मार्कमध्ये त्याच निकषावर ५२. कापूस तोच, निकष तोच, मग फरक का?

कारण समोरची पिशवी वेगळी. इंग्लंडने तुलनेला सुपरमार्केटमध्ये तेव्हा फुकट मिळणारी पातळ पिशवी घेतली, साधारण ८ ग्रॅमची. कापडी पिशवी साधारण १८० ग्रॅमची. डेन्मार्कने त्यांच्याकडची जाड, विकत मिळणारी पिशवी घेतली. प्रतिस्पर्धी जितका हलका तितकं कापसाला जास्त पळावं लागतं. आणि पातळ पिशवीचा पुनर्वापर धरला की आकडा आणखी बदलतो: इंग्लंडमध्ये सुमारे ४० टक्के लोक ती कचऱ्याच्या डब्याला लावतात असं धरलं तर १३१ चे १७३ होतात, सगळेच लावतात असं धरलं तर ३२७.

म्हणजे एकाच प्रामाणिक पद्धतीतून ५२, १३१, १७३ आणि ३२७ असे चार आकडे मिळाले, आणि चारही आपापल्या जागी बरोबर आहेत. यातला एक उचलून तो 'विज्ञानाने सिद्ध झालेला' म्हणून फिरवणं बरोबर नाही. मात्र या आकड्यांतून एक गोष्ट पक्की ठरते, आणि ती कापडी पिशवीवाल्यांना, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना, जरा टोचणारी आहे. हवामानबदलाच्या बाबतीत नवी कापडी पिशवी काही डझन ते काही शे वेळा वापरल्याशिवाय तिची भरपाई होत नाही. दहा वेळा वापरून दाराच्या मागे टांगून ठेवलेली टोट बॅग कुठल्याही हिशेबाने फायद्याची नाही. आमच्या क्षेत्रात तर पर्यावरणाच्या परिषदेतसुद्धा प्रत्येकाला एक नवी कापडी पिशवी देतात, आणि तिच्यावर 'शाश्वत' असं छापलेलं असतं. संशोधकांच्या घरात अशा आठ-दहा पिशव्या सहज निघतील.

डॅनिश अहवालातला एक उपयोगी निष्कर्षही या गोंधळात हरवला. पॉलिप्रोपिलीनच्या टिकाऊ पिशव्यांचे आकडे हवामानबदलासाठी ५-६ आणि सगळे निकष धरूनही ४५ ते ५२ इतकेच आहेत. म्हणजे अशी पिशवी आठवड्याला एकदा वापरली तर वर्षभरात ती सगळ्या निकषांवर पैसे फेडते. या बातमीचा मथळा कोणी केला नाही.

जे रकाने वहीत नव्हते

आता महाराष्ट्राकडे येऊ, कारण प्रश्न तिथूनच आला होता. योगायोग असा की डॅनिश अहवाल फेब्रुवारी २०१८ चा, आणि महाराष्ट्राची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची; अंमलबजावणी २३ जूनपासून. दोन्ही एकाच सुमारास आल्यामुळे एकाचा उपयोग दुसऱ्याला खोटं पाडायला होणं साहजिक होतं.

पण अहवालात एक ओळ आहे: डेन्मार्कमध्ये पिशव्या उघड्यावर फेकल्या जाण्याचा परिणाम नगण्य मानून तो हिशेबात धरलेला नाही. डेन्मार्कसाठी हे ठीक आहे. महाराष्ट्रातली बंदी मात्र मुळात त्याच एका कारणासाठी आली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, आणि तुंबलेल्या नाल्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. त्यानंतर २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई करणारे नियम केले. २०१८ ची बंदी त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल. नाले तुंबणं, गायीच्या पोटातून निघणारं प्लॅस्टिक, कचऱ्याच्या डोंगराला लागलेल्या आगीचा धूर, जसा २०१६ च्या जानेवारीत देवनारहून मुंबईवर पसरला होता, यापैकी कशालाच त्या अहवालात रकाना नाही. ज्या वहीत तो खर्चच लिहिलेला नाही, ती वही दाखवून 'खर्च नाही' म्हणता येणार नाही.

कामाचं मापही वेगळं आहे. डेन्मार्कमध्ये एका खेपेला एक पिशवी. आपल्याकडे मंडईत कोथिंबिरीला एक, टोमॅटोला एक, हिरव्या मिरचीला एक चिमुकली, असं करत एका खेपेला सहा-सात कॅरीबॅग सहज होतात, आणि त्या इतक्या पातळ असतात की घरी येईपर्यंत फाटतात. कचऱ्याच्या डब्याला लावायच्या लायकीच्या उरत नाहीत. एक कापडी पिशवी तिथे एका पिशवीची जागा घेत नाही, सहा-सातांची घेते. हिशेब कापसाच्या बाजूला झुकेल की नाही, हे या पातळ पिशव्यांचं वजन मोजल्यावरच कळेल. पण डेन्मार्कच्या उत्तरावरून ते नक्कीच कळणार नाही.

हे सगळं कापसाच्या बाजूने झालं. पण वहीत न आलेले रकाने कापसाच्या विरुद्धही आहेत. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. आता एलसीएमध्ये 'मानवी विषबाधा' असा निकष असतो. पण तो बहुतेक वेळा कीटकनाशक हवेत, मातीत, पाण्यात पसरून अन्नातून-श्वासातून लोकांपर्यंत किती पोचतं याचा अंदाज करतो. ज्याच्या पाठीवर पंप आहे आणि ज्याच्या शर्टावर औषध सांडतंय, त्या माणसाचा हिशेब या नेहमीच्या पद्धतीत येत नाही. डॅनिश पिशवीतला कापूस यवतमाळचा होता असं मी म्हणत नाही. पण आपण जेव्हा 'कापडी पिशवी म्हणजे निसर्गाला धरून' असं सहज बोलून जातो, तेव्हा हा माणूस आपल्याही वहीत नसतो.

विदर्भातला कापूस बहुतांश कोरडवाहू आहे, त्यामुळे पाण्याच्या रकान्यात तो ओलिताच्या कापसापेक्षा बरा दिसेल. उलट एकरी उत्पन्न कमी, त्यामुळे जमिनीच्या रकान्यात वाईट दिसेल. ज्याला कापसाची बाजू मांडायची आहे तो पाण्याचा रकाना दाखवेल, ज्याला विरोध करायचा आहे तो जमिनीचा. म्हणूनच सगळे रकाने एकत्र बघायचे असतात, आणि म्हणूनच कमाल आकड्याचा नियम धोक्याचा आहे.

आईच्या जुन्या साडीची पिशवी

एक शेवटची गोष्ट, जी डॅनिश अहवालात येण्याचं कारणच नव्हतं. 'नव्याने विकत घेतलेली' हे शब्द आठवतात ना? मराठी घरात कापडी पिशवी पुष्कळदा विकत घेतलेलीच नसते. ती जुन्या साडीची असते, बाबांच्या विरलेल्या पँटची असते, सोफ्याच्या उरलेल्या कापडाची असते. बंदीनंतर अनेक ठिकाणी महिला बचत गटांनी शिवलेल्या पिशव्यांतही असं जुनं कापड होतं.

एलसीएमध्ये याला वाटणीचा प्रश्न म्हणतात. साडीचा कापूस पिकवला, सूत काढलं, रंगवलं, तो सगळा भार कोणाच्या खात्यात टाकायचा: साडीच्या की पिशवीच्या? सगळ्यांत रूढ उत्तर असं: पहिल्या वापराचा भार पहिल्या वस्तूने उचलायचा. साडी नेसून झाली, तिचं आयुष्य तिने भोगलं. चिंधी म्हणून उरलेलं कापड पुढच्या खात्यात शून्य भाराने येतं. मग पिशवीच्या नावावर उरतं शिवणयंत्र, दोरा आणि धुण्याचं पाणी. अशा पिशवीसाठी ५२ सुद्धा नको आणि ७,१०० सुद्धा नको. थोड्याच वापरात ती बरोबरी गाठेल.

हा नियमही राजकारणापासून मुक्त नाही. कारखानदारही म्हणू शकतो की माझं उप-उत्पादन शून्य भाराचं आहे. म्हणून वाटणीचा नियम कुठला लावला हे लिहावंच लागतं. पण तत्त्व साधं आहे: बाजारातून नवी कोरी कॅनव्हासची टोट बॅग आणणं आणि घरातल्या जुन्या कापडाची पिशवी शिवणं, या पर्यावरणाच्या हिशेबात दोन वेगळ्या वस्तू आहेत. नाव एकच, 'कापडी पिशवी'. सगळा घोळ त्या एका नावामुळे होतो. सरकारी जाहिराती आणि त्यांचे टीकाकार दोघेही ते नाव वापरतात आणि दोघांच्या मनात वेगवेगळी पिशवी असते.

डॅनिश अहवाल वाईट नाही, हे मी पुन्हा सांगते. त्याने आपल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. महाराष्ट्राचा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. तो प्रश्न विचारायचा झाला तर कामाचं माप काहीसं असं लिहावं लागेल: महाराष्ट्रातल्या शहरातल्या एका कुटुंबाची एका आठवड्याची भाजी आणि किराणा, मंडई आणि वाण्याच्या दुकानातून पायी किंवा दुचाकीवरून घरी आणणं, पिशवी नवी असेल किंवा घरातल्या जुन्या कापडाची, आणि वापरानंतर ती घंटागाडीत, डंपिंग ग्राउंडवर किंवा नाल्यात, जिथे खरोखर जाते तिथे जाणारी. त्याच्या शेजारी, एलसीएच्या बाहेर का होईना, नाल्याचा आणि फवारणी करणाऱ्याचा रकाना.

हा अभ्यास हाती घ्यायचा तर सुरुवातीला मोठा निधी लागणार नाही. शंभर घरांतून आठवडाभर येणाऱ्या पिशव्या मोजायच्या, वजनकाट्यावर ठेवायच्या, आणि प्रत्येकीचं पुढे काय झालं ते विचारायचं. पर्यावरणशास्त्राच्या एखाद्या एमएस्सीच्या वर्गाला एका सत्रात जमेल असं हे काम आहे. तुमच्यापैकी कोणी शिकवत असाल आणि करून बघणार असाल तर कळवा. आकडे काहीही आले तरी त्यावर एक एपिसोड नक्की करू. तोवर कोणी ७,१०० म्हणालं, तर एवढंच विचारा: कुठली पिशवी, कुठल्या गावात, आणि कुठल्या निकषावर?